भंडारदऱ्याला पहिल्यांदा जाताय? आधी धरणात पाणी किती आहे ते बघा

भंडारदऱ्याचा तलाव नैसर्गिक नाही. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. शेंडी गावाजवळ दोन डोंगर जवळ येतात, तिथे इंग्रजांनी तिला अडवलं आणि मागचं खोरं पाण्याने भरलं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून धरणाला विल्सन डॅम म्हणतात. जलाशयाचं जुनं नाव आर्थर लेक. अलीकडे राघोजी भांगरे जलाशय हे नावही कानावर पडतं. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातले. नव्याने जाणाऱ्याला नावांपेक्षा जास्त उपयोगी पडेल ती गोष्ट वेगळीच आहे. हे पाणी शेतीसाठी साठवलेलं आहे. साधारण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट, पाणी इथे साठतं आणि ते टप्प्याटप्प्याने, म्हणजे आवर्तनांनी, खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या शेतांसाठी सोडलं जातं. त्यामुळे तलावाचं रूप महिन्यागणिक बदलतं. फोटोत दिसलेला काठोकाठ निळा तलाव मे महिन्यात शोधायला गेलात तर लालसर मातीचा रुंद पट्टा आणि पार खाली गेलेलं पाणी दिसेल. तेव्हा जायचं ठरवताना हॉटेल किंवा तंबू नंतर बघा, आधी पाणी बघा. पावसाळ्यात वृत्तपत्रांत भंडारदऱ्याचा साठा दशलक्ष घनफुटांत रोज येतो. ११ हजारांच्या आसपास आकडा दिसला की धरण भरलं.

पहिली पायरी: महिना ठरवा

जून ते ऑगस्ट इथे पाऊस नुसता कोसळतो. रतनवाडी आणि घाटघर ही राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी आहेत. तालुक्याचं गाव अकोले त्या मानाने कितीतरी कोरडं, इतका फरक चाळीस-पन्नास किलोमीटरांत पडतो. धबधबे याच दिवसांत, पण गर्दी आणि धुकंही याच दिवसांत. कित्येकदा समोर तलाव आहे हे फक्त ऐकून माहीत असतं, दिसत काहीच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर, जुलै टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा ऑगस्टच्या सुमारास धरण भरतं हा इकडचा जुना ठोकताळा. मात्र त्याच सुट्टीत इतक्या गाड्या येतात की शेंडीच्या अलीकडेच तासन् तास अडकून पडायला होतं.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर हा माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ. तलाव भरलेला असतो, पावसाचा जोर ओसरलेला असतो, उतारांवर सोनकी पिवळी फुललेली असते आणि भात पिकायला लागलेला असतो. कळसूबाईपासून रतनगडापर्यंतची रांग स्वच्छ दिसते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी तंबूतल्या मुक्कामाचे दिवस. रात्री चांगलीच थंडी पडते आणि पहाटे पाण्यावरून वाफ उठताना दिसते. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरायला लागतं, दुपार तापते. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हे काजव्यांचे दिवस. त्यासाठी यायचं असेल तर तलावाकडून काही अपेक्षा ठेवू नका. ती सहल झाडांची आणि अंधाराची, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वाराबद्दल एकच सांगतो. जमत असेल तर शनिवार-रविवार सोडून या. मंगळवारचा भंडारदरा आणि रविवारचा भंडारदरा ही दोन वेगळी गावं वाटतात.

दुसरी पायरी: पोचायचं कसं

मुंबईहून नाशिक महामार्गाने कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि घोटीहून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. हे अंतर सुमारे १८५ किलोमीटर. घोटी ते शेंडी हा रस्ता कळसूबाईच्या पायथ्याने जातो. पावसाळ्यात खड्डे असतात, वेळ धरूनच निघा. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी हा सरळ मार्ग. नाशिककरांना घोटीमार्गे दोन-अडीच तास पुरतात.

स्वतःची गाडी नसेल तर मुंबईकरांनी रेल्वेने इगतपुरी गाठावी. किंवा कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे जीप धरावी. घोटीहून राजूर-अकोल्याकडे जाणारी एसटी धरायची आणि कंडक्टरला आधीच विचारायचं, शेंडीला जाणार की वारंघुशी फाट्याला सोडणार. भंडारदरा म्हणून सगळे ज्याला ओळखतात त्या ठिकाणचा बाजार, बसथांबा, जेवणाच्या खानावळी हे सगळं शेंडीतच आहे. संध्याकाळनंतर बस मिळेल या भरवशावर राहू नका.

पेट्रोल घोटीत किंवा अकोल्याच्या बाजूने येताना राजूरच्या आधीच भरून घ्या. रोख पैसेही जवळ असू द्या. शेंडीच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, रतनवाडी-साम्रदकडे बऱ्याच ठिकाणी नसतेच, आणि मग ऑनलाइन पैसे देणं घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही अवघड होतं. नकाशा घरूनच डाउनलोड करून आणा.

तिसरी पायरी: मुक्काम कुठे

तीन पर्याय आहेत. शेंडीत किंवा तलावाच्या वर हॉटेलात राहायचं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थानही तलावाकाठीच आहे. दुसरा पर्याय गावातल्या घरी राहायचा, रतनवाडी, साम्रद, मुरशेत, पांजरे, उडदावणे अशा कुठल्याही गावात. तिसरा तंबूचा.

घरातला मुक्काम मला सर्वांत आवडतो आणि नवख्याला तोच सोयीचा. ही गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर लोकांची. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, वाफाळता भात, सांगितलंत तर गावठी कोंबडी किंवा तलावातली मासळी. जेवण किती माणसांचं हे आदल्या दिवशी कळवा, कारण सामान राजूरहून किंवा शेंडीहून आणावं लागतं. घरच्या मावशींशी दरावरून फार घासाघीस करू नका. त्या ज्या पैशात तीन वेळचं खायला घालतात तेवढ्यात शहरात एक वेळ होत नाही.

तंबूत राहणार असाल तर पैसे भरण्याआधी फोनवर पाच गोष्टी विचारून घ्या. तंबू पाण्यापासून किती लांब आणि किती उंचावर आहेत? शौचालय आहे का, त्यात पाणी आहे का, आणि बायकांसाठी वेगळं आहे का? रात्री जागेवर जबाबदार माणूस कोण थांबतो? दिवे आणि गाणी किती वाजता बंद होतात? गाडी तंबूपासून किती अंतरावर लावायची? चौथ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, रात्री मोठ्या आवाजात स्पीकर लावायला इथे मनाई आहे.

जागेवर पोचलात की तंबू कुठल्या जमिनीवर उभा आहे ते स्वतः बघा. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून सुकून कडक दिसतो, पाय टाकला की आत ओलाच असतो. अशा जागी रात्रभर खालून गारवा येतो. गवताळ, किंचित उताराची, वाऱ्याला पाठ केलेली जागा घ्या. पावसाळ्यात काठाला अगदी लागून तंबू नकोच, कारण डोंगरात जोराचा पाऊस झाला की एका रात्रीत पाणी कित्येक फूट चढतं. आणि थंडी कितीही असली तरी पेटती शेगडी किंवा निखारे बंद तंबूत घेऊन झोपू नका. कोळशाच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

चौथी पायरी: पाण्याजवळ

या एका गोष्टीवर मी हट्टी आहे: तलावात पोहायला उतरू नका. उत्तम पोहणाऱ्यांनीही नको. पाण्याखाली इथे वाळूचा सपाट किनारा नाही, डोंगराचा उतार आहे. म्हणजे गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे गेलात की एकदम तळ लागेनासा होतो. त्यात तळाला गाळ, बुडालेले खडक आणि झाडांची खोडं. थंडीत पाणी बर्फासारखं असतं, अंग आखडतं. दरवर्षी महाराष्ट्रातल्या धरणांत जे तरुण बुडतात त्यांतले अनेक जण पोहता येणारे असतात.

पाण्याचा आनंद घ्यायला बोट आहे. शेंडीच्या बाजूने होड्या मिळतात. बसण्याआधी जीवरक्षक जाकीट मागा, अंगात घाला, पट्टे आवळा. मांडीवर ठेवलेल्या जाकिटाचा काही उपयोग नाही. मुलांच्या मापाचं जाकीट नसेल तर मुलांना बसवू नका. सकाळची वेळ निवडा. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो आणि शांत दिसणाऱ्या पाण्यावर चांगल्या लाटा उठतात. नावाडी म्हणाला, ‘आत्ता नको दादा, वारं आहे’, तर त्याचं ऐका. तो हे पाणी रोज बघतो.

सकाळच्या फेरीत पाण्याच्या मधोमध गेल्यावर नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा. पश्चिमेला रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका, उत्तरेला कळसूबाईची रांग, आणि काठावरच्या भातखाचरांत बायामाणसांच्या हाका इतक्या लांबूनही स्पष्ट ऐकू येतात. या फेरीला घाई करू नका.

धरणाच्या भिंतीवर जायला बहुतेक वेळा बंदी असते, सुरक्षारक्षकाशी वाद घालू नका. भिंत खालच्या बागेकडून बघा. ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत १९६९ मध्ये गळू लागली होती, तडे दिसले होते. त्यानंतर तिला मागच्या बाजूने भक्कम टेकू दिले गेले. ते खालून नीट दिसतात आणि धरण म्हणजे सतत निगा राखावी लागणारी वस्तू आहे हे मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. इथेच अंब्रेला फॉल आहे. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी गोलसर खडकावरून छत्रीच्या आकारात पसरून पडतं. मोरी बंद असेल तर तिथे फक्त खडक दिसेल, तेव्हा आधी गावात विचारून घ्या.

प्रवरेच्या पात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला, कधीही उतरू नका. पाणी सोडतात तेव्हा पात्र थोड्या वेळात भरतं. भोंगा वाजला तर सामान सोडून वर या. दहा किलोमीटरवरचा रंधा धबधबा कठड्याच्या आतूनच बघायचा. ही नदी तिथे दीडशे फुटांहून खोल कोसळते आणि काठचा खडक शेवाळाने निसरडा असतो.

पाचवी पायरी: तलावाची प्रदक्षिणा

तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे: शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. चाळीसेक किलोमीटरचा हा फेरा, त्याला पूर्ण दिवस द्या. वन खात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जपून ठेवा. गर्दीच्या दिवसांत पोलीस एकेरी वाहतूक लावतात, त्या दिशेनेच जा.

रतनवाडीला थांबायचंच. तिथलं अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं मंदिर शिलाहारांच्या काळातलं मानतात. घाईने दर्शन घेऊन निघू नका. बाहेरच्या भिंतीला हात न लावता फूटभर अंतरावर उभे राहा आणि खालून वर नजर न्या. आधी नक्षीचे पट्टे, मग कोनाडे, मग शिखरावर एकावर एक चढत गेलेल्या शिखरांच्या छोट्या प्रतिकृती. शतकानुशतकं या गावचा पाऊस झेलूनही कित्येक रेषा अजून धारदार आहेत. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे, आहेत, त्यांतल्या मूर्ती बघा. पुष्करणीत पाय धुऊ नका, गाववाल्यांना ते आवडत नाही.

साम्रदला सांदणची घळ आहे, दोन उंच कातळांमधून जाणारी अरुंद भेग. पावसाळ्यात तिथे जाणं म्हणजे जिवाशी खेळ. वर कुठेतरी पडलेलं पाणी एकदम आत घुसतं आणि बाजूला सरकायला जागा नसते. पाऊस पूर्ण थांबल्यावर, गावातला वाटाड्या घेऊन, पहिल्या पाण्याच्या टप्प्यापर्यंत जाऊन परत या. नवख्यांनी दोर लावून खाली उतरायच्या भानगडीत पडू नये.

घाटघरला कोकणकडा. खाली कोकणातल्या चोंढे गावाची बाजू दिसते आणि वर एक लहान धरण. हा घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, २५० मेगावॉटचा. गरज नसते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, असं त्याचं काम चालतं. कड्यावर वारा फार असतो. लहान मुलांचा हात सोडू नका आणि फोटोसाठी कडेला पाठ करून मागे सरकू नका.

सहावी पायरी: डोंगर चढायचा असेल तर

एका सहलीत एकच चढाई धरा. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, बारी गावातून चढतात. वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या. चढायला तीन-चार तास धरा, आणि पहाटे निघा.

रतनगड रतनवाडीतून. वाट दाट जंगलातून जाते, शेवटी शिड्या आहेत. वर गेल्यावर कड्याला आरपार पडलेलं नेढं, तिथून एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण तलाव दिसतो. आपण काल ज्या पाण्यावर फिरलो ते खोरं केवढं आहे हे इथे कळतं. शिड्यांवर एका वेळी एकानेच चढायचं. पावसात लोखंड हाताला बुळबुळीत लागतं, तेव्हा उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. वाटाड्या गावातूनच घ्या. त्याची मजुरी आधी ठरवा आणि दुपारचं जेवण त्याच्यासाठीही बांधून घ्या.

काजव्यांसाठी येत असाल तर

साधारण रात्री आठनंतर सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. कधी अख्खं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. ते नर-मादीचं एकमेकांना शोधणं असतं आणि आपल्या प्रकाशाने त्यात खंड पडतो. म्हणून गाडीचे दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च बंद, फ्लॅश तर नाहीच. पायापुरता उजेड हवा असेल तर टॉर्चवर लाल कागद बांधा. झाडाखाली जाऊ नका, फांद्या हलवू नका, बाटलीत धरू नका. काजव्यांच्या अळ्या जमिनीवरच वाढतात, त्यामुळे रस्ता सोडून गवतात गाडी घालणं हे पुढच्या वर्षीचे काजवे चिरडणं आहे. या आठवड्यांत आठवड्याच्या मधला दिवसच निवडा.

सामान

पकड असलेले बूट, एक जादा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, टॉर्च आणि त्याचे सेल, पिण्याच्या पाण्याची स्टीलची बाटली, नेहमीची औषधं, ओआरएसची पुडी. पावसाळ्यात छत्री निरुपयोगी, वाऱ्यात उलटते. रेनकोट किंवा पोंचो घ्या. हिवाळ्यात कानटोपी आणि पायमोजे. कचऱ्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या, त्या भरून घरी परत न्यायच्या. रतनवाडीत कचरागाडी येत नाही. दारू आणू नका, अभयारण्यात ती चालत नाही. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसेल तर सरळ जवळच्या घराचं दार वाजवा, या गावांत कुणी नाही म्हणत नाही. साप चावल्याचा संशय आला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. माणसाला चालायला न लावता, कमीत कमी हलवून गाडीत घालून राजूरकडे निघा आणि जाता जाता फोन लावत राहा.

जुलैत आवणीची, म्हणजे भातलावणीची, धांदल असते. भाताच्या बांधावरून चालायचं झालंच तर एकामागोमाग चाला आणि खाचरात पाय पडू देऊ नका. शेतातल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. ‘काढू का मावशी?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा हसून हो म्हणतात.

परतताना

दुपारी तीनच्या आत शेंडी सोडा. घोटीच्या वाटेवर संध्याकाळी धुकं आणि गुरं दोन्ही रस्त्यात येतात, कसारा घाटात तर ट्रकांची रांगच लागते. पुण्याकडे जाणाऱ्यांनी राजूरला थांबून पेढे घ्यावेत, ते या भागात प्रसिद्ध आहेत. तांदूळ हवा असेल तर जिथे राहिलात त्या घरीच विचारा. घरचा शिल्लक असेल तर दोन-पाच किलो मिळतो आणि पैसे थेट पिकवणाऱ्याच्या हातात जातात. नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो. तेव्हा येणार असाल तर निघण्याआधी फोन करून ठेवा, म्हणजे तुमच्या नावाचा बाजूला काढून ठेवतील.